भाकर, गिरास आणि सरवा



गेल्या महिन्यात आपल्यापैकी कुणीतरी इथे जुन्या सुप्याच्या बाजाराचा फोटो टाकला होता. त्याखाली भरपूर आठवणी आल्या. बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली होती, "आमच्या आजोबांच्या दारातून कधी कुणी उपाशी गेलं नाही." मीही तेच लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आजोबांच्या वह्या माझ्याकडे आहेत आणि त्या मी वाचलेल्या आहेत.

आमचं घर सुप्याला, काळी नदीच्या काठी. ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे हे तुम्हाला सांगायला नको. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, आम्ही पुष्कळजण रामनगरला आलो. येताना आजीने देव, पितळेची भांडी आणि एक पत्र्याची ट्रंक एवढंच स्वतःच्या हाताने गाडीत ठेवलं. त्या ट्रंकेत वह्या होत्या. सर्वांत जुनी शके १८५० ची, म्हणजे १९२८-२९ सालची. मोडी आणि बाळबोध यांची सरमिसळ.

आजोबांचं दुकान होतं, थोडी भातशेती होती. आषाढ-श्रावणात जोयड्याचा पाऊस कसा असतो ते माहीत आहेच. दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही. मागच्या सुगीची नाचणी संपलेली, भात अजून पोटरीतही नाही. कुणबी लोक फणसाच्या आठळ्या, टाकळ्याची भाजी, बांबूचे कोंब, अळंबी यांच्यावर दिवस काढायचे. मग एखाद्या दिवशी घोंगडीची खोळ पांघरून माणूस दारात यायचा. आजी आधी त्याला पेज वाढायची. ऊन पेज, वर मिरचीचं लोणचं. पोटभर झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पेजेचा हिशेब कधीच नव्हता.

हिशेब होता तो त्यानंतरच्या पायलीचा. वाढीदिढीने. आषाढात एक पायली नाचणी नेली तर सुगीला दीड पायली आणून घालायची. नाही जमली तर पुढच्या वर्षी त्या दीडवर पुन्हा दीडपट. वहीत एकेका गावाचं पान आहे. काही नावं वीस-वीस वर्षं त्याच पानावर आहेत, बाप गेल्यावर त्याखाली मुलाचं नाव.

आमच्या शेजारी एक गोंयकार ख्रिस्ती कुटुंब राहायचं. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नवरा लाकडाच्या डेपोत सुतार. मूळचे साष्टीचे, तेही कुणबीच, पण कित्येक पिढ्यांमागे ख्रिस्ती झालेले. मावशी संध्याकाळी तेर्स म्हणायच्या, आणि मी त्यांच्या पोरींबरोबर खेळत असल्यामुळे ती कोकणी प्रार्थना मला अर्धीमुर्धी पाठ झाली होती. तिच्यात एक शब्द यायचा, गिरास. मी विचारलं तर म्हणाल्या, "गिरास म्हणजे घास गो. रोजचो घास." संस्कृतातला ग्रास तो. साधा घासच मागायचा देवाकडे, आणि तोही आजच्यापुरता.

पुढे बेळगावला कॉलेजात असताना हॉस्टेलमध्ये एक मैत्रीण भेटली, नगर जिल्ह्यातली, मराठी ख्रिस्ती. तिच्याकडे मराठी बायबल होतं. त्यात त्याच प्रार्थनेत घास नाही, भाकर आहे. मला गंमत वाटली. एकच प्रार्थना, देशावर तिची भाकर झाली आणि कोकणात घास. दोन्हीही आपलेच शब्द. कोकण-गोव्यात हे नवीन नाही म्हणा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट साष्टीत राहून मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहितो, ते १६१६ साली छापलं जातं, आणि त्याचीच कोकणीतली प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये येते. देव कसा मागतो आणि माणूस देवाकडे काय मागतो, हे त्याला इथल्या जेवणाच्या शब्दांत सांगावं लागलं.

त्याच मैत्रिणीने मला सरवा दाखवला. शब्द मला माहीत होता. कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेली कणसं म्हणजे सरवा, ती गोरगरीब बायापोरं वेचतात. मूसाच्या नियमशास्त्रात त्यावर चक्क कायदा आहे हे मात्र माहीत नव्हतं. शेतकऱ्याने शेताच्या कडेपर्यंत कापायचं नाही, गळलेलं परत वेचायचं नाही, एखादी पेंढी विसरली तर ती आणायला मागे फिरायचं नाही. ते गरिबाचं, विधवेचं, परक्याचं. रूथ नावाची परदेशी विधवा अशीच बवाजाच्या शेतात जवाचा सरवा वेचायला जाते, ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. मला त्यात लागलं ते हे की मालकाने काही 'द्यायचं' नाहीच. फक्त घ्यायचं नाही. वेचणारीला हात पसरावा लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत.

आपल्याकडेही खळ्यावर बलुतेदारांचा वाटा होताच, तोही हक्क म्हणूनच. पण त्यातही कुणी आधी उचलायचं, कुणी शेवटी, कुणाच्या पदरात कुणी लांबून टाकायचं, हे सगळं जातीने ठरलेलं. तेव्हा आमचं सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट तिने दाखवली ती नहेम्याची, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. यरुशलेमेत दुष्काळ आहे. लोक ओरडत येतात की धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, आता पोरं विकायची वेळ आली, आणि सावकार परका नाही, आपलाच भाऊबंद आहे. नहेम्या प्रतिष्ठितांना बोलावून जाब विचारतो. पण विचारताना आधी कबूल करतो की मी आणि माझ्या भावांनीही पैसे आणि धान्य असंच कर्जाऊ दिलंय. मग म्हणतो, आजच्या आज परत करा. शेतंही आणि वाढावाही. माझ्या डोळ्यांसमोर ट्रंक आली.

त्या सुट्टीत मी घरी येऊन मावशींना विचारलं, आजोबा कसे होते? त्यांनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "तुझो आजो बरो मनीस. आषाढात पेज वाढली, मार्गशीर्षात नाचणी नेली." एवढंच. रागाने नाही, जसं पाऊस पडतो तसं.

मग मी जरा चिडूनच म्हटलं की तुमच्या देवळात तरी सगळे सारखेच ना. त्या हसल्या. त्यांचे सासरे साष्टीत एका भाटकाराचे मुंडकार होते. भाटकारही ख्रिस्ती, मुंडकारही ख्रिस्ती, रविवारी एकाच इगर्जीत. भाटकार पुढच्या बाकावर, हे मागे उभे. दोघेही तोच गिरास मागायचे. झोपडी भाटकाराच्या जागेत, त्यामुळे बोलावलं की काम सोडून जायचं, नारळ पाडायला, कुंपण घालायला. नाही म्हटलं तर रात्रीतून घर खाली. धर्म बदलून चारशे वर्षं झाली पण जमीन काही बदलली नाही. मुंडकारांना घरातून हुसकता येणार नाही असा कायदा गोव्यात १९७५ ला आला, त्याआधी १९६४ चा कुळकायदा. तोवर मावशींच्या घरचे घाट चढून सुप्याला येऊन कधीच स्थिरावले होते.

हे सगळं इतकं सांगायचं कारण, ख्रिस्ती माणसं भुकेकडे कशी बघतात म्हटलं की आपल्या लोकांच्या मनात लगेच दोनच चित्रं येतात. एक, दुष्काळात धान्य वाटणारे मिशनरी. दुसरं, पोटासाठी बाटलेले. दोन्ही चित्रं खरी आहेत, आणि दोन्ही अपुरी.

मैत्रिणीची पणजी केडगावची होती. म्हणजे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींपैकी. रमाबाईंचं नाव आपल्या घरांत घेतलं जातं ते बहुतेक वेळा विधवांचं शिक्षण आणि धर्मांतर या दोन गोष्टींसाठी. त्या भुकेतून आलेल्या होत्या हे फारसं कुणी सांगत नाही. जन्म १८५८ चा, आपल्याच सह्याद्रीत, इथून बरंच दक्षिणेला गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराण सांगत तीर्थयात्रा करणारे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब वाटेवर होतं. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, शेवटी रानातला पाला खाल्ला. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई, मग बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले आणि चालत चालत १८७८ ला कलकत्त्याला पोचले.

रमाबाईंनी पुढे हे लिहून ठेवलं तेव्हा एक गोष्ट लपवली नाही. आम्हाला भीक मागायची लाज वाटत होती आणि मजुरी करायचीही. उच्च जातीचे, शास्त्र शिकलेले, हाताने काम कसं करणार? धान्य नव्हतं हे खरंच, पण त्या अभिमानानेही आईबापांना मारलं, असा त्या लिखाणाचा रोख आहे. स्वतःच्या घराबद्दल असं लिहायला छाती लागते.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. त्यावर 'केसरी'तून काय काय झालं ते सर्वश्रुत आहे. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचल्यावर त्यांना स्वतःचे ते दिवस आठवले आणि त्या उठून तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि दुष्काळी कामांवर बायकांची कशी लूट होते, अन्नाच्या बदल्यात मुकादम काय मागतात, हे त्यांनी त्याच वर्षी छापून सांगितलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर केडगावला माणसं दोन हजारांच्या आसपास गेली.

आता इतक्या तोंडांना खायला घालायचं म्हणजे बाहेरून धान्य आणायला हवंच, आणि परदेशातून पैसे येतही होते. त्याच १९०० साली अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने वर्गणी जमवली आणि 'क्विटो' नावाच्या बोटीतून दोन लाख बुशेल मका मुंबईला आला. पाच हजार टन तरी असेल. कुणी नाकारला असता? पण रमाबाईंनी केडगावला आधी केलं काय, तर जमीन घेऊन विहिरी खणल्या. पुणे-दौंड रेल्वेवरचा तो कोरडा माळ. तिथे शेती, फळबाग, गुरं, तेलघाणा, हातमाग, छापखाना. ज्या मुलींना आपण 'बिचाऱ्या' म्हटलं असतं त्या मोटेवर, नांगरावर, खिळे जुळवणीवर. रमाबाईंनी स्वतः मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर याच बायकांनी जुळवलं आणि छापलं. भाषांतर पुरं करून रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या. ज्या घरात हाताने काम करायची लाज होती, त्या घरातल्या मुलीने हे उभं केलं.

धर्मांतराचं काय, असं कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच बोलते. उपाशी माणसाच्या हातात एका हाताने भाकर आणि दुसऱ्या हाताने धर्मपुस्तक दिलं तर त्याचं 'हो' किती खरं मानायचं, हा प्रश्न रास्त आहे. पुष्कळ मिशनऱ्यांनाही तो पडला होता. दुष्काळानंतर नगरकडच्या खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली, त्यात बहुतेक महार-मांग. पण मैत्रिणीचं एक वाक्य माझ्या मनात राहिलंय. "तुम्ही म्हणता आम्ही पोटासाठी बाटलो. मग आमच्या पोटात आधी काय होतं ते कोण सांगणार?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुष्काळ म्हटलं की नगरकडे १९७२ निघतोच. अमेरिकेची तांबडी मिलो आणि कामावरची सुकडी तुमच्यातल्या देशावरच्या मंडळींना आठवत असेल. जामखेड तालुक्यात तेव्हा डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं नुकतंच येऊन राहिलं होतं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजातून शिकलेले, अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० ला जामखेडला आले ते दवाखाना चालवायला. गावं म्हणाली, औषध नंतर, आधी पाणी आणि खायला. यांनी ऐकलं. हे ऐकणंच मला मोठं वाटतं, कारण डॉक्टरला औषध द्यायची घाई असते आणि धार्मिक माणसाला उपदेशाची. पोरांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, त्यासाठी लागणारं पिकवायला शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे दिले. आणि विंधनविहिरी खणल्या तेव्हा जागा दलित वस्तीत निवडल्या. भाषण नाही, मोर्चा नाही. पाणी हवं असेल तर तिकडे या. कळशी घेऊन सवर्ण बायका महारवाड्यात आल्या. पुढे गावातल्याच निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं, त्यांच्यात दलित बाया पुष्कळ, आणि १९७९ ला या दोघांना मॅगसेसे मिळालं. पण माझ्या मते त्यांचं खरं काम त्या विहिरींच्या जागा हेच.

त्याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट होते, १९४८ ला भारतात आलेले. त्यांनीही धान्यवाटपाचे दिवस पाहिले, आणि मग त्यांचा सगळा जोर माथ्यावरचं पाणी माथ्यावरच मुरवण्यावर आला. ज्या गावाला पाणलोटाचं काम हवं त्याने श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, मगच पैसे. १९९३ मध्ये त्यांनी आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांनी त्यासाठी वॉटर ही संस्था उभी केली. चराईबंदीचा भार पहिल्यांदा शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनांवरच पडतो, ही तक्रारही तितकीच खरी. न्यायाचं काम करायला गेलं तरी कुणाची तरी शेळी आड येतेच.

चौथ्या शतकात आताच्या तुर्कस्तानात कैसरियाला दुष्काळ पडला तेव्हा बासिल नावाच्या धर्मगुरूने कोठारवाल्यांना सुनावलं होतं की तुझ्या कपाटातली जास्तीची भाकर उपाशी माणसाची आहे. त्याची आहे, म्हणजे ती देऊन तू उपकार करत नाहीस. सोळाशे वर्षांत तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, त्यावरून ऐकणारे किती ते कळतं. त्या बाहत्तरच्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला. काम मागितलं की सरकारने ते द्यायचं. तो कायदा कुठल्याही धर्माचा नव्हे. पण मी त्याला सरवाच म्हणते, कारण तिथेही हात पसरायचा नसतो.

आता परत जोयड्याला येते, कारण भूक इथे कुठून आली हे सांगितल्याशिवाय वह्यांचा अर्थ लागत नाही.

कुणबी लोक पूर्वी कुमरी करायचे. डोंगरउतारावरचं रान तोडायचं, वाळलं की जाळायचं, राखेत नाचणी पेरायची. एक-दोन वर्षं पीक, मग ती जागा दहा-बारा वर्षं रानाला परत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांनी यावर बंधनं आणायला सुरुवात केली. त्यांना सागवान हवं होतं, जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना. १८६२ ला उत्तर कानडा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, रानं राखीव होत गेली, कुमरी आवळत गेली. रानात पिकवणारा माणूस रानातला गुन्हेगार झाला. नाचणी कमी पडू लागली. आणि तेव्हा तो घोंगडीची खोळ घेऊन आमच्या दारात आला. म्हणजे आजोबांची वही सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्या वहीचं पहिलं पान कुणीतरी दुसऱ्यानेच लिहिलं होतं. ही सबब नाही. दीडपट त्यांनी घेतलीच.

आणि तरीही ती माणसं जगली. तुम्ही जोयड्याच्या कंदमेळ्याला गेला असाल तर पाहिलं असेल कशावर जगली. जानेवारीत कुणबी मंडळी जोयड्यात कंद मांडून बसतात. हत्तीच्या पायाएवढी मुडली, कोन, काटेकणंग, करांदे, सुरण, रताळी. परसात, शेणखताच्या वाफ्यावर, घरच्या बायांनी राखलेलं बी. मुडली एकदा घरात आली की चार-सहा दिवस पुरते, उकडली तर भाकरीची गरज नाही. हे बी दुकानातून आलं नाही आणि वहीतही कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं. चाळीस वर्षांच्या हिशेबात कंदांची एकही नोंद नाही, कारण ते कुणी आमच्याकडून कधी घेतलेच नाहीत.

आमची दोन एकर भातशेती कुळाकडे होती. १९७४ च्या दुरुस्तीनंतर त्याने फॉर्म नंबर सात भरला आणि जमीन त्याच्या नावावर झाली. आजीने त्याला तळतळाट दिला, तोही मी ऐकलाय. नंतर दहा-बारा वर्षांत काळीचं पाणी चढलं आणि त्याची, आमची, सगळ्यांचीच जमीन गेली. शहरात राहून आलेल्यांची भरपाई लवकर मिळाली, रानातल्यांची कचेरीच्या फेऱ्यांत राहिली. आमची लवकर मिळाली. मग अणशी आणि दांडेलीचं रान २००७ ला व्याघ्र प्रकल्प झालं, २०१५ पासून त्याला काळी म्हणतात. जे धरणातून वाचले त्यांना आता वाघासाठी बाहेर या म्हणतात.

सीमेपलीकडे, गोव्यात, कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतलं. अलीकडे, जोयड्यात, त्याच लोकांना नाही. मागणी जुनीच आहे. त्याने काय फरक पडतो? २००६ च्या वनहक्क कायद्यात जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधी जमीन ताब्यात होती एवढं दाखवावं लागतं. बाकीच्या रानवाशांना त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं सिद्ध करावं लागतं. म्हणजे १९३० पासून. ज्याला सरकारने रानातला चोर मानलं, त्याच्याकडे १९३० चा कागद कुठून येणार?

यंदाच्या मेळ्यात मी मुडली घेत होते. विकणारी बाई माझ्याच वयाची. गाव विचारलं, तिने सांगितलं. ते गाव वहीत आहे. सासऱ्यांच्या वडिलांचं नाव विचारलं, तेही आहे, त्याच पानावर, त्याखाली मुलगा. मला वाटलं आता ही काय म्हणेल. मी सांगून टाकलं, की तुमच्या आज्याने आमच्याकडून नाचणी नेली होती, आणि कितीने फेडली तेही लिहिलेलं आहे.

ती काही क्षण गप्प राहिली. मग विचारलं, "वर्ष घातलंय त्यात?"

म्हटलं, "शके १८५०."

"गावाचं नाव?"

"आहे."

तिने शेजारी बसलेल्या पोराला हाक मारली. तो शिकलेला, गावच्या वनहक्क समितीत आहे. त्याने माझा नंबर घेतला.

पुढच्या रविवारी दोघं रामनगरला आले. मी ट्रंक उघडली. मोडी वाचायला माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर बोलावले होते. तीन तास लागले. त्यांच्या गावचीच अकरा घरं निघाली. खाजगी सावकाराची वही पुरावा म्हणून चालेल की नाही ते ग्रामसभा आणि वरचे लोक ठरवतील, पण म्हाताऱ्यांच्या जबान्यांना जोड म्हणून लावून बघू म्हणाले. पोराने प्रत्येक पानाचा फोटो काढला. जिथे दीडपट लिहिलंय तिथलाही. मी त्याला ते झाकून घे म्हटलं नाही.

आई पेज करायला उठली होती, पण त्या बाईने येतानाच उकडलेले काटेकणंग डब्यातून आणले होते. तेच खाल्ले सगळ्यांनी, मीठ लावून.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशा वह्या असतील, सुप्याच्या, उळवीच्या, डिग्गीच्या, कॅसलरॉककडच्या, त्यांनी त्या वाळवीला देऊ नका. १९३० च्या आधीच्या असतील तर मला कळवा.